गोव्यातला तंबू नेवाडाच्या वाळवंटात टिकेल का?

म्हापशाचा एक तरुण ऑगस्टअखेर अमेरिकेत नेवाडा राज्यात ‘बर्निंग मॅन’ या महोत्सवाला चाललाय. मुक्काम आठवडाभराचा. पावसाळी भटकंतीसाठी घेतलेला दोन माणसांचा डोम तंबू त्याच्याकडे आहे. आतला थर जवळजवळ सगळा जाळीचा, वरून पाणी न झिरपणारं आवरण. त्याचा प्रश्न असा, की हाच नेऊ की नवा घेऊ? घ्यायचा तर कॅनव्हासचा घेऊ, की फेकला की उघडणारा? वीस-पंचवीस हजार खर्चायची तयारी आहे आणि सगळं सामान विमानातून जाणार आहे.

मी फोंड्यात मांडव-तंबूचं काम करतो. जत्रा, लग्नं, किनाऱ्यावरचे कार्यक्रम, हे माझं पोट. त्या वाळवंटातही एका कॅम्पच्या उभारणीत आणि मोडणीत राबलोय. त्यामुळे आढेवेढे न घेता सांगतो. तुझे खांब ॲल्युमिनियमचे असतील तर तुझाच तंबू ने. शिंप्याकडून थोडी दुरुस्ती करून घे आणि राहिलेले पैसे मेखा, दोर आणि सावलीवर घाल. तिथे लोकांचे हाल होतात ते बहुतेक वेळा या तिन्हींत हात आखडता घेतल्याने. तंबू महाग होता की स्वस्त, याचा त्यात वाटा थोडा.

आधी जागा समजून घे. ब्लॅक रॉक डेझर्ट म्हणजे आटलेल्या एका प्राचीन सरोवराचा तळ. समुद्रसपाटीपासून साधारण 1,200 मीटर उंच, ताटासारखा सपाट, झाडाचं नाव नाही. तिथले लोक त्या जमिनीला प्लाया म्हणतात. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात, तसलं तिथे काही नाही. वाळलेला, भेगाळलेला, क्षारयुक्त गाळ आहे. हजारो गाड्या आणि सायकली त्यावरून गेल्या की वरचा थर पिठासारखा होतो आणि वारा सुटला की उठतो. वादळ मोठं असेल तर हातभरावरचं दिसत नाही. दुपारी पारा 35 ते 40 अंशांवर जातो आणि पहाटे कधीकधी 10 च्याही खाली उतरतो. हवा इतकी कोरडी की धुतलेला रुमाल बघता बघता वाळतो.

आता तुझा तंबू आठव. तो कशासाठी बनलाय? पाऊस, डास आणि आपल्या हवेतला दमटपणा, या तिघांसाठी. वारा खेळता राहावा म्हणून आत जाळी, पाणी अडवायला वरचं आवरण, आणि दोघांमध्ये हवा फिरायला खाली वीतभर फट. आपल्याकडे यापेक्षा शहाणी रचना नाही. प्लायावर नेमकी तीच फट धूळ आत घेते. धूळ आवरणाखालून शिरते, जाळीतून झिरपते आणि आत वारा पडलेला असल्यामुळे अंथरुणावर निवांत बसते. संध्याकाळी परतल्यावर उशी कुठली आणि चादर कुठली हे कळत नाही. मच्छरदाणीच्या भोकापेक्षा ही धूळ कित्येक पटींनी बारीक आहे, त्यामुळे ‘जाळी बारीक विणीची आहे’ या दुकानदाराच्या आश्वासनाला तिथे अर्थ नाही. खात्री करायची असेल तर घरीच तंबू उभा कर, जाळीवर बाहेरून टाल्कम पावडर उडव, पंखा लाव आणि आत काळं कापड अंथरून बघ.

उपाय सोपा आहे आणि तो म्हापशाच्या बाजारात होतो. जाळीच्या प्रत्येक पाकळीवर बसेल असं कापड शिवून घ्यायचं. मी पातळ पॉपलीन सुचवेन. छत्रीचं कापडही चालतं, पण त्यातून हवा अजिबात जात नाही. पॉपलीन धूळ बरीचशी अडवतं आणि थोडा श्वासही घेऊ देतं. शिंप्याला एक गोष्ट बजावून सांग. सुई जाळीत मारायची नाही, जाळी आणि कापड जिथे जोडलंय त्या पट्टीवरच मारायची. जाळीत टाके घातले की ओढ बसते आणि आठवड्यात ती उसवते. तीन बाजू शिवून चौथ्या बाजूला वेल्क्रो लाव, म्हणजे संध्याकाळी वारा पडला की कापड गुंडाळून जाळी उघडी करता येईल. अगदी माथ्यावरची हातभर जाळी उघडीच ठेव. ती वरच्या आवरणाखाली झाकलेली असते, धूळ तिथपर्यंत कमी पोचते, आणि सगळंच बंद केलंस तर आत गुदमरशील.

दुसरं काम झालरीचं. वरच्या आवरणाच्या खालच्या कडेला वीत-दीड वीत रुंद कापडाची झालर लावून घे, जमिनीवर लोळेल एवढी. तिच्यावर पाण्याने भरलेले कॅन ठेवले की फट बंद. प्यायचं पाणी तिथे आपलं आपणच न्यायचं असतं. आयोजक माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरच्या वर, आणायला सांगतात. वजनाला वेगळं काही शोधावं लागत नाही.

आणि इतकं करूनही धूळ येणारच. खाणी चालू असताना उसगाव-सावर्ड्याच्या रस्त्याकडेला ज्यांची घरं होती, त्यांना विचार. दारं-खिडक्या लावूनही सकाळी टेबलावर बोट फिरवलं की लाल रेघ उठायची. तेव्हा कपडे चेन असलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांत ठेव, आणि सकाळी उठलास की अंथरुणावर एक जुनं बेडशीट टाकून मगच बाहेर पड. रात्री ते चारही कोपरे धरून अलगद उचलायचं आणि बाहेर नेऊन झटकायचं. स्वच्छ अंथरुणासाठी हजार रुपयांच्या कुठल्याही वस्तूपेक्षा हे जुनं बेडशीट जास्त कामाचं.

चेनचंही सांगून टाकतो. धूळ दात्यांत बसली की चेन अडते, आणि अडलेली चेन माणूस चिडून ओढतो. तिथे तंबू फाटत नाही, चेन जाते. जुना टूथब्रश बरोबर ठेव, रोज एकदा फिरव. मेणबत्ती घासलीस तर चालेल. तेल मात्र चुकूनही लावू नकोस, त्यावर धुळीचा चिखल होतो.

आता वारा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तंबू निवडताना लोक रंग बघतात, खिसे मोजतात, आणि ज्याने तो उडणार त्या वाऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी 30 किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 4 किलो रेटा देतो. 60 चा असेल तर 17 किलो, 90 चा असेल तर 39. म्हणजे तीन बाय तीन मीटरची ताडपत्री 60 च्या वाऱ्यात उभी सापडली तर तिच्यावर दीडशे किलोच्या आसपास ओढ येते. प्लायावर 60 चा झोत ही नेहमीची बाब आहे. 2025 साली तर गर्दी जमायला सुरुवात होते न होते तोच वादळ आलं आणि मोठमोठ्या कॅम्पांची बांधकामं आडवी झाली. तुझ्या तंबूबरोबर आलेल्या त्या बोटाएवढ्या ॲल्युमिनियमच्या मेखा दीडशे किलोला किती पुरतील?

त्या मेखा घरीच ठेव. तिथे चालते ती बांधकामाची सळी. दहा किंवा बारा मिलीमीटरची टॉर सळी, दीड ते दोन फूट लांब, वरचं टोक काठीच्या मुठीसारखं वाकवलेलं. वाकवलेलं टोक दोन कारणांसाठी हवं. दोर निसटत नाही, आणि अंधारात कुणाचा पाय पडला तर टोक पायात घुसत नाही. सळी घणाने पूर्ण ठोकायची, मूठ जमिनीला टेकेपर्यंत. अर्धी बाहेर राहिली तर ती तरफ बनते आणि दोर तिला हलवून हलवून भोक रुंद करतो. वाकवलेली सळी मिळाली नाही तर सरळीच्या टोकावर रिकामी बाटली किंवा टेनिसचा चेंडू बसव. उघडं टोक ठेवणं तिथे गुन्ह्यासारखंच मानतात, आणि योग्यच आहे.

अलीकडे तिथले जाणते लोक सळीऐवजी लॅग बोल्ट वापरतात. लॅग बोल्ट म्हणजे लाकडात मारायचा, षटकोनी डोक्याचा, बारा-चौदा इंच लांबीचा जाड स्क्रू. त्यात एक वॉशर आणि साखळीची कडी अडकवायची आणि बॅटरीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने जमिनीत फिरवायचा. त्या कडक गाळात तो असा पकडतो की हाताने हलत नाही. खरी मजा परतीच्या दिवशी कळते. आठवडाभर सुकलेल्या मातीतून सळी उपटणं म्हणजे कंबरेचं वाटोळं. व्हाइस ग्रिपने, म्हणजे अडकून राहणाऱ्या पकडीने, पकडून, भोवती पाणी ओतून, गोल गोल फिरवत बसावं लागतं. लॅग बोल्ट मात्र ड्रायव्हर उलटा फिरवला की पाच सेकंदांत बाहेर. ड्रायव्हर तुझ्याकडे नसला तरी चालेल, तुझ्या कॅम्पमध्ये कुणाकडे ना कुणाकडे असतोच. जायच्या आधी विचारून घे.

तणाव्यांबद्दल एकच नियम सांगतो, आणि आमचे मांडववाले तो झोपेतही पाळतात. दोर जितका आडवा, तितका चांगला. मेख तंबूच्या पायथ्याशी मारून दोर सरळ खाली ओढलास तर वारा तिला उपटणार. तंबूची उंची जेवढी, निदान तेवढ्या अंतरावर मेख मार. दोर नायलॉनचा नको, तो ताणतो, आणि दुपारी घट्ट बांधलेला तंबू रात्री फडफडायला लागतो. पॉलिस्टरचा घे, पाच-सहा मिलीमीटरचा, शक्यतो पांढरा किंवा चमकणारा. गाठ सरकती घाल, म्हणजे रोज संध्याकाळी ताण बघून ओढून घेता येईल.

तुझ्या तंबूचे कान, म्हणजे दोर बांधायच्या कड्या, मोज. चार कोपऱ्यांत चार आणि भिंतींच्या मध्यावर निदान चार, इतक्या हव्यात. भिंतींवरच्या नसतील तर शिंप्याकडे जातोच आहेस, तिथेच पट्ट्या शिवून घे. खांब फायबरग्लासचे असतील तर मात्र मी विचार बदलेन. फायबरग्लास वाऱ्यात चिरफाळतो आणि त्याच्या कुसळांनी कापड फाटतं. ॲल्युमिनियम वाकतो, पण वाकलेला खांब हाताने सरळ करून रात्र काढता येते. ‘फ्री स्टँडिंग’ या शब्दाला भुलू नकोस. त्याचा अर्थ तंबू दोराशिवाय उभा राहतो, इतकाच. रिकामा डोम वाऱ्यात गडगडत गेला की महोत्सवापुरत्या उभ्या राहिलेल्या शहराच्या टोकाला कचरा अडवायला लावलेल्या कुंपणापर्यंत जाऊ शकतो. आत सामान ठेवल्याशिवाय आणि चारही कोपरे ठोकल्याशिवाय त्याला पाठ दाखवायची नाही.

ऊन हा तिसरा शत्रू, आणि त्याच्याशी तंबू एकटा लढू शकत नाही. कुठलाच. सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि साडेआठ-नऊला उघड्यावरच्या तंबूत झोपणं अशक्य होतं. तिथे लोक पहाटे झोपायला येतात, हे लक्षात घे. म्हणजे सावली नसेल तर तुझी झोप तीन तासांची.

सावली तंबूला चिकटलेली नको. मध्ये निदान फूटभर, जमल्यास दोन फूट, हवा खेळायला जागा पाहिजे. तापलेलं छत आणि तंबू यांच्यामधून वारा गेला तर उष्णता खाली उतरत नाही. आपल्या जुन्या घरांत नळ्यांच्या छपराखाली माळा असायचा, तो हेच काम करायचा.

छपराला काय वापरायचं? ताडपत्री नको. ती वारा अडवते, म्हणजे ते शिडच. आपल्याकडे नर्सरीवाले वापरतात ती शेडनेट घे, 70 ते 80 टक्के सावली देणारी. तिच्यातून वारा बराच निसटतो. चंदेरी, ॲल्युमिनियमचा थर असलेली शेडनेट मिळाली तर उत्तम, तिथे ती ‘ॲल्युमिनेट’ नावाने विकतात. हिरवी किंवा काळी जाळी ऊन शोषून स्वतः तापते, चंदेरी ते परत फेकते. वजनाला हलकी, घडी लहान, बॅगेत सहज मावते. हा खर्च मी सगळ्यात आधी करेन.

ती उभी करायची सोपी रीत अशी. जमिनीत दोन रांगांत सरळ सळ्या अर्ध्याच ठोकायच्या, प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप कमानीसारखा वाकवून त्याची दोन टोकं समोरासमोरच्या सळ्यांवर घालायची, अशा चार-पाच कमानी ओळीने, आणि वरून शेडनेट. तिथे याला ‘मंकी हट’ म्हणतात. कमानीवरून वारा घसरून जातो. बाजारात मिळणारा चार पायांचा घडीचा गॅझेबो मात्र पहिल्या वादळात पाय मोडून पडतो. कुणी फुकट दिलाच तर पाय निम्म्या उंचीवर ठेव आणि प्रत्येक कोपऱ्याला रॅचेटचा, म्हणजे खटक्याने ओढून घट्ट करायचा, पट्टा लाव.

सावली कुठे पडेल, याचा आपला अंदाज तिथे चुकतो. गोव्यात ऑगस्टमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून आपण छप्पर बरोबर वस्तूच्या वर घालतो. तिथे, जवळपास 41 अक्षांशावर, ऑगस्टअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण 58 अंशांवर. अडीच मीटर उंचीच्या छपराची सावली त्यामुळे दीड मीटर उत्तरेला सरकते. म्हणून तंबू छपराच्या मध्याखाली न ठेवता थोडा उत्तरेकडे ठेव. शिवाय तिथली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात, त्यामुळे मध्यान्ह होते एकच्या सुमाराला आणि खरा कहर तीन ते पाच. त्या वेळी ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. छपराइतकीच पश्चिमेची आणि पूर्वेची पडदी महत्त्वाची. पूर्वेची पडदी तुझी झोप वाढवते, पश्चिमेची दुपार सुसह्य करते. दुपारचा वारा बहुधा नैऋत्येकडून येतो, म्हणून तंबूचं दार त्या बाजूला ठेवू नकोस आणि पश्चिमेची पडदी चुकूनही ताडपत्रीची करू नकोस.

बाकीचे प्रकार भराभर सांगतो. फेकला की उघडणारा तंबू वेळ वाचवतो, आणि काही कंपन्यांचं बाहेरून पांढरं, आतून काळं कापड उजेड छान अडवतं, डेकॅथलॉनचं ‘फ्रेश अँड ब्लॅक’ तसलंच. पण त्याच्या स्प्रिंगच्या रिंगा वाऱ्यात चपट्या होतात, आणि धुळीच्या वाऱ्यात त्याची घडी घालणं हा तमाशा असतो. उभ्या भिंतींचा, आत उभं राहता येईल असा फॅमिली केबिन तंबू वाऱ्याला पूर्ण छाती देतो. तो नकोच.

कॅनव्हास चांगला. खरंच चांगला. मीही कॅनव्हासवाला माणूस आहे. आत अंधार राहतो, फडफड कमी, सुती कापड हवा खेळवतं, धूळ बऱ्यापैकी अडते. अमेरिकेत कोडियाक कंपनीचे तंबू त्यासाठी लोकप्रिय आहेत. पण दहा बाय दहा फुटांचा असा तंबू तीस किलोच्या आसपास भरतो, आणि विमानात एका बॅगेची मर्यादा सहसा 23 किलोची असते. परत आणल्यावरचं दुखणं वेगळंच. सप्टेंबरात तू गोव्यात उतरशील तेव्हा पाऊस चालूच असणार. जरा ओलसर राहिलेला कॅनव्हास आपल्या हवेत आठ दिवसांत बुरशीने काळा पडतो, आणि ते डाग जन्मात जात नाहीत. आमच्या गोदामात पावसाळ्यात पंखे लावून कनाती टांगलेल्या असतात, ते हौस म्हणून नव्हे. कॅनव्हासच हवा असेल तर तिकडे ओळखीतून जुना मिळव आणि तिकडेच कुणाकडे ठेवून ये.

शिफ्टपॉडसारखे उष्णतारोधक, चंदेरी, छत्रीसारखे उघडणारे तंबू तिथे दिसतील. काम उत्तम, किंमत हजार डॉलरच्या वर. विनय गुप्ता नावाच्या भारतीय वंशाच्या स्कॉटिश माणसाने रचलेला ‘हेक्सायुर्ट’ही दिसेल. चार बाय आठ फुटांच्या उष्णतारोधक फोमच्या फळ्या टेपने जोडून केलेली सहाकोनी खोली. धूळ आणि ऊन दोन्ही अडवण्यात त्याचा हात धरणारं स्वस्तात काही नाही, पण फळ्या न्यायला ट्रक लागतो. पहिल्या खेपेला तो नाद नको.

त्यातच कुणीतरी सांगेल, बादलीतला कूलर कर. गोव्यात कूलर कुणी घेत नाही, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही आणि खोली नुसती चिकट होते. तिथे उलट, तो झकास चालतो. मात्र त्याला बंद जागा, वीज आणि रोजचं जादा पाणी लागतं. तुझ्या पातळ डोममध्ये त्याचा गारवा टिकणार नाही. त्यापेक्षा ओला पंचा मानेवर टाक, कोरड्या हवेत तेवढ्यानेही जीव थंड होतो.

‘वाळवंटात पाऊस कुठला, वरचं आवरण घरी ठेवू का?’ असं विचारशील तर, अजिबात नको. 2023 साली सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे पाऊस पडला आणि तो क्षारी गाळ असा चिकट झाला की चपलेला वीतभर थर चढत होता. गाड्या जागच्या जागी रुतल्या, येण्या-जाण्याचा रस्ता बंद झाला, अन्न-पाणी जपून वापरा असं आयोजकांना सांगावं लागलं. ज्यांनी नुसत्या जाळीत आणि सावलीत आठवडा काढायचं ठरवलं असेल त्यांची अवस्था काय झाली असेल, सांगायला नको. रात्रीच्या थंडीलाही तो दुसरा थर कामाला येतो.

इथे गोव्याचंच एक दुखणं तपासून घे. तंबू दोन-तीन पावसाळे कपाटात गुंडाळून पडला असेल तर उघडून आतल्या बाजूने हात फिरव. हात चिकटला, उलटीसारखा वास आला किंवा पापुद्रे निघाले, तर त्यावरचा पाणी अडवणारा पॉलीयुरेथेनचा थर दमट हवेने कुजलाय. तो परत बसत नाही. अशा वेळी नवा तंबू घे, आणि घेताना कापड पॉलिस्टरचं बघ. उन्हात नायलॉनपेक्षा ते जास्त टिकतं आणि ढिलं पडत नाही. आतला थर कापडी असलेला, जाळीवर चेनने बंद होणारी झडप असलेला मिळाला तर शिंप्याचं काम वाचेल. दोन माणसांचा असेल तर एकट्याला, तीन माणसांचा असेल तर दोघांना, असा हिशेब धर. सामान धुळीपासून आतच ठेवायचं असतं.

पैशांचं म्हणशील तर, शिंपी, पॉपलीन, शेडनेट, दोर आणि चमकत्या पट्ट्या हे सगळं पाच-सात हजारांत इथेच बसवायचा प्रयत्न कर. सळ्या किंवा लॅग बोल्ट, घण आणि पाइप नेवाडातल्या रीनो शहरात उतरल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून घे. तिथून पुढे वाळवंटापर्यंत जवळपास 190 किलोमीटर आहेत आणि शेवटचं गाव गर्लाक अगदी लहान आहे, तिथे मिळेल या भरवशावर राहू नकोस. महोत्सवात तर विक्री जवळजवळ नसतेच, बर्फ तेवढा मिळतो. स्टोव्हचा गॅसचा डबा विमानात चालत नाही, तोही तिकडेच. आणि स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही, वादळ कितीही असो.

याच सामानावर पुढे जैसलमेरला मरू महोत्सवाला जायचा बेत केलास तर दोन गोष्टी बदल. तो माघ पौर्णिमेच्या आसपास असतो, तेव्हा सावलीपेक्षा पांघरूण महत्त्वाचं. आणि सम गावची जमीन म्हणजे खरी वाळू, तिथे सळी लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. आपल्या किनाऱ्यावर करतो तेच कर. पोत्यात वाळू भर, पोत्याला दोर बांध आणि पोतं दोन फूट खोल पुरून टाक.

परतीच्या दिवशी तंबू काढताना आधी सावली उतरवू नकोस, आधी तंबू आवर आणि मग सावली, नाहीतर भर उन्हात घडी घालत बसशील. मेखा मोजून ठोक आणि मोजून काढ. तिथे मागे काहीही सोडायचं नाही हा नियम आहे आणि तुटका तंबू टाकून पळणाऱ्यांना तिथे कुणी माफ करत नाही. घरी आल्यावर तंबू बॅगेत तसाच ठेवू नकोस. ती क्षारी धूळ आपल्या हवेतलं पाणी ओढते आणि ॲल्युमिनियमचे खांब, चेनचे दाते खाऊन टाकते. बादलीभर पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून कापड आणि खांब पुसून काढ, मग साध्या पाण्याने खळखळून धू. बाजारातलं साधं व्हिनेगर पुरे, आईने जपून ठेवलेला माडाचा शिर्को यात ओतू नकोस. मग घरात पंख्याखाली दोन-तीन दिवस टांगून पूर्ण वाळव, शिवणी बोटांनी चाचपून बघ, आणि मगच घडी घाल.

शिंप्याकडे मात्र आत्ताच जा. चतुर्थी जवळ आली की म्हापशात कुठलाच शिंपी तुझं काम हातात घेणार नाही.